दोनच बाटल्या रक्त

मुंबई, २० जानेवारी १९८७

सौ. सगुणा हिला विठूचा आशीर्वाद, आईला नमस्कार.

ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले. रक्ताची काळजी आता सोड. मागच्या वेळी मांडीतली गाठ उघडली नि रक्त थांबेना, म्हणून तशीच शिवून टाकली होती. या वेळी आदल्या दिवशी जांघेतून बारीक नळी घातली आणि गाठीला रक्त पोचवणाऱ्या शिरा आतून बुजवल्या. मी जागाच होतो. औषध सोडलं की कंबरेखाली आग पसरायची. डॉक्टर म्हणाले, "पाटाचं पाणी अडवतोस ना वाडीत? तसंच हे." खरंच, दोनच बाटल्या रक्त लागलं.

सुपारी उतरवून झाली का? आईच्या गुडघ्यांना तेल लावतेस ना?

एक सांगायचं आहे. गाठ पायाच्या मोठ्या शिरेला वेढून बसली होती. उजवा पाय खुब्यापासून काढला. सही मीच केली होती, तुला कळवायचा धीर झाला नाही.

शेजारच्या खाटेवरचे काका म्हणतात, "जीव वाचला, आणखी काय हवं?" मी मान हलवतो. पण पोफळीवर चढण्यापलीकडे मला काय येतं? काल मला उभं केलं. नसलेल्या पायावर भार टाकला नि पडलो.

आईला हे वाचून दाखवू नकोस. पुढच्या महिन्यात सोडतील म्हणतात. सगुणा, मी घरी यावं असं तुला मनापासून वाटतं का, तेवढं खरं लिही.

विठू