समुद्राच्या पलीकडचा काठ

बाभुळगाव,
१२ ऑक्टोबर १९६०, दुपारी चार वाजता

प्रिय दादा,

तू रंगवलेला समुद्राचा पडदा भिंतीवरून काढून जमिनीवर पसरला आहे. निळ्या रंगाचा डबा उघडा आहे, ब्रश ओला आहे, आणि हात चालत नाही. म्हणून तुला लिहीत आहे.

तुझ्यामागे फोटोचं हे दुकान त्या पडद्यावरच चालतं. नवी जोडपी असोत की बंजारा तांड्यावरची माणसं, सगळ्यांना फोटो समुद्रापाशीच हवा. त्यांच्यापैकी कोणी समुद्र पाहिलेला नाही. तू तरी कुठे पाहिला होतास? म्हणूनच ना, लाटांच्या पलीकडे दुसरा काठ काढलास आणि त्यावर बाभळी उभ्या केल्यास?

परवा रत्नागिरीकडचे एक कारकून आले. पडदा पाहून हसले. "अहो, ही नदी झाली. समुद्राला पलीकडचा काठ नसतो. तो पुसा, उद्या-परवा आम्ही सहकुटुंब येतो."

मला लाज वाटली. पण खरं सांगू? बरंही वाटलं. त्या काठाकडे पाहून माझा जीव कोंडतो. तू म्हणाला होतास, "एक वर्ष तू दुकान पाह्य. मंग मी पाहीन, तू मुंबईले जाय, समुद्र पाहून ये." वर्ष भरायच्या आत तुला तापाने नेलं. आता आई, वहिनी, दुकान. मी कुठे जाऊ? निदान पडदा तरी मोकळा करावा म्हटलं.

आज ब्रश बुडवला, तेवढ्यात तांड्यावरची झमकूबुढी मुलाला घेऊन आली. तिचा आजा बैलांवर लादून समुद्राकडचं मीठ आणायचा. एका खेपेला गेला तो परतलाच नाही. फोटोत ती नेहमी डावीकडे सरकून बसते, आठवतं? मागची बाभूळ झाकली जाऊ नये म्हणून.

"काय करून राह्यला रे?"

"काठ पुसतो, बुढे. समुद्राले पल्याड काठ नसते. कारकून पाहून आले."

"त्याचं कोनी तिकडं रायलं नसन," ती म्हणाली. "काठ पुसशीन तं माहा आजा बसन कुठं?"

"बसला असन अजून बिडी फुकत," मुलगा म्हणाला. तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. जाताना मला म्हणाली, "उद्या येतो. पडदा लावून ठेव."

दादा, चूक तू केलीस आणि त्या चुकीत मला कोंडून गेलास. तरी शब्द देतो. बुढी आहे तोवर काठ पुसणार नाही, दुकान सोडणार नाही. नंतरचं मला विचारू नकोस. आणि तूही त्याच बाभळीखाली असशील, तर जरा सरक. म्हाताऱ्याला जागा कर.

तुझा धाकटा,
गोविंदा

निळा रंग : दीड रुपया, रोख दिला.
कारकुनांचे आगाऊ दोन रुपये : परत करायचे.
तुझ्याकडून येणे : एक वर्ष.