तात्यांची दुभाषी

९ जानेवारी, गुरुवार

नवी बाईही पळाली! आठवडाही टिकली नाही. जाताना दारात चपला घालत म्हणाली, "भाभीजी, काम की ना नी है, पण बाबूजी अंगरेजी में गाली बके है."

कितीदा समजावलं तिला! अगं, 'स्लोकोच' ही शिवी नाही. रेंगाळणाऱ्याला म्हणतात. तात्या 'स्लोकोच' ओरडले की लघवीचं भांडं आण, लवकर आण, एवढाच अर्थ. तर म्हणे, "गाली नी है तो मुंडो असो क्यों बनावे?" आता सासऱ्यांचा अर्धा चेहरा लुळा पडलाय, तर तोंड कसं करणार ते?

श्रेयस ऑफिसातून आला, ऐकून घेतलं आणि ठरलेलं वाक्य म्हणाला. "बघ, तुझ्याशिवाय त्यांचं कुणाला कळतच नाही." मग टीव्ही लावला. नवरा म्हणून वाईट नाही तो. पण या वाक्याचा मला आता कंटाळा आलाय. कंटाळा नाही – भीती वाटते.

१० जानेवारी

आज तात्यांनी खूप छळलं. पाय चेपून दिले, पाणी दिलं, खिडकी उघडली, लावली. तरी 'विंडबॅग, विंडबॅग'! विंडबॅग म्हणजे बडबड्या, तोंडाळ. इथे बडबडतंय कोण? मी तर दिवसभर भिंतींशी बोलते! शेवटी पोटावर हात ठेवला तेव्हा कळलं, वायू धरलाय. ओवा दिला. ढेकर आल्यावर इतके गोड हसले की राग कुठल्या कुठे गेला.

ऑगस्टमध्ये झटका आला. उजवी बाजू गेली, मराठी गेली, हिंदी गेली. उरले ते हे शब्द. डॉक्टर म्हणतात, फार जुनं, घोटून घोटून पाठ झालेलं असं कधी कधी मागे राहतं. तात्यांचे वडील संस्थानच्या गेस्ट हाउसात कारभारी होते. येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांच्या तोंडून त्यांनी हे शब्द उचलले आणि मुलाला दिले. तात्यांनी देवासच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि छडीऐवजी हेच शब्द वापरले. कंजूष तो स्किनफ्लिंट. रंगाचा बेरंग करणारा तो किलजॉय. नसत्या चौकशा करणारी बिझीबॉडी. मी लग्न होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात 'चॅटरबॉक्स' झाले!

साहेब गेले, त्यांच्याकडेसुद्धा आता असं कुणी बोलत नसेल. आमच्या घरात मात्र तेच चालतं, आणि त्याची दुभाषी मी.

१४ जानेवारी, संक्रांत

तात्यांना चिमूटभर तीळगूळ दिला. "स्किनफ्लिंट!" शुगर आहे हो तुम्हाला. अजून एक चिमूट दिलीच.

१७ जानेवारी

पीथमपूरहून लॅबच्या मॅडमचा फोन.

हात पिठात होते, लेकीने, चिऊने, मोबाइल कानाला लावून धरला. माझी जागा अजून भरलेली नाही म्हणाल्या. औषधाच्या कंपनीत लॅबला अनुभवी माणूस सहज मिळत नाही. "एकतीस तक बता दो. फिर मेरे हाथ में नहीं रहेगा." तीन फेब्रुवारीला रुजू.

फोन ठेवला आणि कणीक तशीच टाकून न्हाणीघरात जाऊन रडले. ऑगस्टपासून मी त्या लॅबचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पांढरा कोट, काचेची भांडी, बायपासवरून सकाळची कंपनीची बस – खिडकीला डोकं लावून इंदूरपर्यंत झोपायचं! तिथे कुणी मला सूनबाई म्हणत नाही. तिथे माझ्या सहीशिवाय माल बाहेर जात नाही.

मला जायचंय. इथे तरी खरं लिहावं. मराठीत लिहिते म्हणजे कुलूपच आहे – चिऊला वाचताना घाम फुटतो आणि श्रेयसला काहीही वाचायचा कंटाळा.

रात्री सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तुझी इच्छा. मी कशाला अडवू? पण तात्यांचं कसं?" झालं! अडवत नाही म्हणायचं आणि कडी बाहेरून लावायची.

१९ जानेवारी, रविवार

नागपूरहून वन्संचा व्हिडिओ कॉल. विनोदिनी वन्सं म्हणजे तात्यांची लाडकी लेक, दर रविवारी पडद्यावर येते आणि डोळे पुसते. "अगं, तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त. तुझं पुण्य फार मोठं." मी म्हटलं, थोडं पुण्य नागपूरला पाठवू का? तात्यांना महिनाभर न्या. तर त्यांच्याकडे लिफ्ट नाही, शिवाय तिथे त्यांचं बोलणं कळणार कुणाला?

तात्या फोनकडे बघून म्हणाले, "बिझीबॉडी."

"काय म्हणाले गं?" वन्संनी विचारलं.

"तुमची आठवण येते म्हणाले."

काय करू! मी असलं गोड करून सांगते म्हणूनच सगळ्यांना वाटतं, सगळं कसं छान चाललंय.

२३ जानेवारी

आज खंडोजी आले होते, पिशवीभर शेव घेऊन. तात्यांचे जुने विद्यार्थी, आता स्वतःचं नमकीनचं दुकान आहे. पलंगाशी बसले आणि म्हणाले, "सर, पहचाना? मला काय म्हणायचे तुम्ही?"

तात्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बटरफिंगर्स."

एवढा मोठा माणूस ढसाढसा रडला! नाटकाच्या दिवशी हेडमास्तरांच्या हातात द्यायचा कप याने पाडला होता, तेव्हाची पदवी. "वहिनी, बीवी-बच्चों को भी बता रखा है. दुकानात काही सांडलं की पोरगं म्हणतं, पप्पा, बटरफिंगर्स!" देवासमध्ये असे किती असतील. तात्यांनी एकेकाला नाव ठेवलं आणि लोकांनी ते मेडल म्हणून जपलं.

चहा घेताना ते सहज म्हणाले, "श्रेयस भिया को तो मजा आता होगा. क्लासमध्ये सर शब्द टाकायचे, आम्ही सगळे गप्प. मग अर्थ सांगायला उठायचा तो श्रेयस. पूरी क्लास में एक उसी को सब आते थे."



२४ जानेवारी

विचारलंच. जेवताना, अगदी सहज दाखवून. "तुला येत होते ना रे हे सगळे शब्द?"

"शाळेतलं काय लक्षात राहतं!" आमटी ओरपत म्हणाला. "आणि शब्द येऊन काय करू? त्यांना त्यातून काय म्हणायचंय ते कळायला पाहिजे. ती तुझीच कला."

खरंय तेही. उगाच संशय घेतला. लाज वाटली.

२७ जानेवारी

सकाळपासून पाऊल घराबाहेर नाही. भाजी दारात, दूध दारात. देवीची टेकडी खिडकीतून दिसते, तीही अर्धी, समोरच्यांच्या टाकीमुळे. आज तिच्याकडेच बघत बसले. लोक मुंग्यांसारखे वर चढत होते. मला एकदम श्वास पुरेना. दार उघडून जिन्यात उभी राहिले. तेवढ्यात आतून – "स्लोकोच! स्लोकोच!"

आले हो.

२९ जानेवारी

नाही म्हणून कळवायचं ठरवलं. तात्यांवर माझा राग नाही. त्यांना तहान लागली आणि कुणाला कळलंच नाही, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या नको, परवा फोन करीन. एक दिवस तरी जागा माझी असू दे.

३० जानेवारी

सरळ लिहिते.

संध्याकाळी शेजारच्या गल्लीत हळदीकुंकू होतं. श्रेयस घरी होता, चिऊ ट्यूशनला. "जा, पण लवकर ये हं," म्हणाला. त्यांच्याकडे बायकांची ही गर्दी, वाण घेतलं आणि लगेच परत फिरले. दार नुसतंच लोटलेलं होतं. चपला काढत होते तर आतून आवाज.

"चॅटरबॉक्स?" तात्या विचारत होते.

"तुमची चॅटरबॉक्स हळदीकुंकवाला गेलीय. येईल."

मी तिथेच थांबले.

"स्टिक-इन-द-मड," तात्या म्हणाले. जुनाट, जागचा न हलणारा. पलंगावरून खाली घसरले की ते हेच म्हणतात. मला हे उमगायला दिवाळी उजाडली होती!

"रुतलात होय? थांबा, वर ओढतो." उशी थोपटल्याचा आवाज आला. मग पाणी. मग तात्या खुसूखुसू हसले. "स्लायबूट्स!"

श्रेयसही हसला. "लुच्चा तर लुच्चा. पण तिला सांगाल तर खबरदार हं, तात्या." आणि थोड्या वेळाने, "सांगणार तरी कसे म्हणा!"

मी पायऱ्या उतरले. फाटकाशी उभी राहिले. समोरच्या काकूंनी विचारलं, किल्ली विसरलीस का गं? मान हलवली. रडू आलं नाही, नुसते कान तापले होते. सहा महिने! रात्री-बेरात्री मला उठवून, "अगं, बघ काय म्हणतायत, मला कळेना" – ते सगळं खोटं? मी आजारी होते तेव्हासुद्धा?

मग परत वर गेले आणि दार उघडं असून बेल वाजवली.

श्रेयस आला. चेहरा अगदी दमलेला केलेला. "बरं झालं आलीस बाई. कधीचे काहीतरी म्हणतायत, मला काही उमजेना."

"हो का?" मी म्हटलं. आत जाऊन वाणाची वाटी फडताळात ठेवली.

३१ जानेवारी

मॅडमना फोन केला. येते म्हटलं.

श्रेयसला सांगितलं. "अगं पण तात्यांचं?" मी पोळ्या लाटत राहिले. शेवटी तो खंडोजींना फोन करून कामाला बाई विचारायला लागला.

३ फेब्रुवारी, सोमवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय.

श्रेयसने आठवडाभर रजा टाकलीय. निघताना तात्या ओरडले, "स्पिंडलशँक्स!" काडीसारख्या पायांचा. श्रेयसने सवयीने माझ्याकडे पाहिलं. "काय गं म्हणतायत?"

मी चपलेचा पट्टा लावत म्हटलं, "कुणास ठाऊक. मला नाही बाई कळत."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग पलंगाशी गेला आणि तात्यांच्या काटकुळ्या पायांवर रजई ओढली.