रोजची गोळी

अंबरनाथ, बुधवार, १२ नोव्हेंबर २००८. संध्याकाळ.

आज उल्हासनगरला बाबांचा सीटी स्कॅन झाला. आधी शिरेतून कॉन्ट्रास्ट नावाचं औषध देतात. त्याने आतल्या शिरा फोटोत पांढऱ्या उठून दिसतात. नंतर ते किडनीलाच बाहेर टाकावं लागतं.

फॉर्म मी भरला. सध्या कोणती औषधं चालू आहेत? बाबा म्हणाले, "औषध कसलं? शुगरची तेवढी रोजची गोळी." सकाळ-संध्याकाळची ती गोळी आमच्याकडे चहासारखीच, तिला औषध कोण म्हणतं? मी 'नाही' लिहून सही केली.

घरी येऊन सूचनांचा कागद वाचला. शुगरची नेमकी हीच गोळी असेल तर आधी सांगा, स्कॅननंतर दोन दिवस बंद ठेवा. किडनी मंदावली तर गोळी अंगात साचते, रक्तात आम्ल वाढतं. आनंदनगरच्या कंपनीत दिवसभर हीच गोळी मी पॅक करते. तिचं नाव झोपेतही सांगेन. आणि फॉर्मवर लिहिलं काय, तर 'नाही'. कसं लिहिलं मी?

सेंटरला फोन लावला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "सकाळची गेली ती गेली. आता देऊ नका. पाणी भरपूर पाजा. लघवी कमी झाली तर लगेच घेऊन या."

बाहेर येऊन बाबांना म्हटलं, "आज संध्याकाळची गोळी घेऊ नका हं."

ते पेपर वाचत होते. म्हणाले, "आत्ताच घेतली की चहाबरोबर. तू फोनवर होतीस."