समोरच्या दाताची जागा

आई, जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन आपण दोघी बसची वाट बघत बसलो होतो. तू प्रसादातला खोबऱ्याचा तुकडा दातानं तोडायला गेलीस आणि आधीच हलत असलेला समोरचा दात हातात आला. मी घाबरले, तू हसत सुटलीस. "पाह्य वो बाई, नारळ आपण देल्ला अन् दात मारुतीनं ठेवून घेतला!" सौंसर येईपर्यंत तुझं हसू थांबलं नाही. त्याच वर्षी तू कॉन्व्हेंटच्या पालकसभेला आलीस. सिस्टर माझं कौतुक करत होत्या आणि तू त्यांचा हात धरून अगदी तशीच हसलीस. वर्गातल्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या, ते मला दिसलं. व्हरांड्यात आल्यावर मी म्हणाले, "आई, इथं तरी तोंड बंद ठेवत जा ना." त्यानंतर हसू आलं की तुझा पदर तोंडावर जायचा. मला शिक्षिकेची नोकरी लागल्यावर मी तुला नागपूरला नेऊन दात बसवणार होते. "बाजूचे दोन चांगले दात घासतात म्हन्तात," तू म्हणालीस. "त्याइनं माह्यं काय बिघडवलं? राहू दे."

मागच्या महिन्यात माझाही समोरचा दात काढावा लागला. इथे पांढुर्ण्यात दातांची डॉक्टर आहे, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं बाजूचे दोन दात घासले, माप घेतलं, रंग जुळवला आणि आज तीन दातांचा जोडलेला ब्रिज बसवला. फार दुखलं नाही. हातात आरसा देऊन ती म्हणाली, "काकू, हसून दाखवा." मी हसले. "अहो काकू, हात कायले ठेवून राहिल्या तोंडावर? आता तर दात आहे तिथं!" महिनाभरात मला ती सवय लागली होती, आणि मला तर कोणी काही म्हटलंही नव्हतं.

तू गेलीस त्या सकाळी अंगण माणसांनी भरलेलं होतं. मोठ्या काकूनं तुझ्या पोतीतला सोन्याचा एक मणी काढून माझ्या हातात दिला. "लेकीच्या हातानं तोंडात सोनं जाऊ दे." मी वाकले. तुझे ओठ मिटलेले होते. मणी ठेवायचा तर ते उघडावे लागणार आणि ती रिकामी जागा सगळ्यांना दिसणार. मी ओठांवर तुळशीचं पान ठेवलं आणि मणी मुठीत धरला. "ठेवला ना वो?" काकूनं विचारलं. मी मान हलवली. तुझी लाज राखली, असं मी स्वतःला सांगत आले. खरं तर तेव्हाही मी माझीच लाज राखली होती.

मी गेल्यावर काय करायचं, त्याचा लेकीसाठी एक कागद करून ठेवला आहे. तुझी दोन लुगडी रामाकोन्याच्या मावशीच्या सुनेला द्यायची, ती अजून नेसते. पितळी परात वहिनीला, इतकी वर्षं तिनंच ती घासली. पुस्तकं शाळेला. तुझा तो मणी माझ्या तोंडात ठेवायचा, लेकीनं ओठ नीट उघडून, कोणी बघत असलं तरी. ही शेवटची गोष्ट मात्र त्या कागदावर नाही. लिहिली तर ती विचारेल, मणी कुठला? आणि तिला मी आजवर हेच सांगत आले की आजीच्या तोंडात मी माझ्या हातानं सोनं ठेवलं.