अनवाणी दुकान

ता. १२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. इकडे ठीक आहे. शाळेच्या गणवेशांचं काम संपलं, आता पडदे शिवायला घेतलेत. कात्री चालवून अंगठा सुजलाय, बाकी तक्रार नाही.

तुझं पत्र मिळालं. "साखर आपल्या घराण्यातच आहे, चालून ती काय घामाबरोबर गळणार?" वाचून आधी हसले, मग चिडले. तुझं बरोबरच आहे म्हणा, तू मशीनपुढच्या स्टुलाला शिवला गेलायस.

मी मात्र दुकान बंद केलं की कालव्याच्या कडेने पुलापर्यंत जाऊन येते, चांगली भरभर. शेजारचा घड्याळवाला चेष्टा करतो, "बाई, कुणी मागे लागलंय का?"

का चालते ते तुला कधी लिहिलं नाही. आता मी दुकानातसुद्धा बूट घालते. बाबा असते तर त्यांनी मला बाहेर काढलं असतं. जमिनीवर कापड पसरायचं तर पायात काही नको, हे आपण बाराखडीच्या आधी शिकलो.

गेल्या उन्हाळ्यात एक पांढरा झगा बेतत होते. मदतनीस बाई ओरडली, "ताई, कापडाला लाल काय लागतंय?" मी तिच्यावरच खेकसले, "तुझंच बोट कापलं असेल!" रक्त माझ्या तळपायाचं होतं. टाचणी पार डोक्यापर्यंत आत गेलेली. दादा, मला कळलंच नव्हतं. अजूनही तिथे बोट लावलं तर कळत नाही, आणि मला त्याची फार भीती वाटते.

बाबांचं असंच सुरू झालं होतं. "एवढीशी तर जखम" म्हणता म्हणता पाय गेला, आणि मग बाबा गेले.

माझी जखम भरली, पण फार दिवस लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेली जाणीव परत येईल असं मी सांगत नाही. पण साखर ताब्यात ठेवलीत, चालत राहिलात, रोज तळपाय बघितलेत, तर आहे ते राखता येईल." मग काय, आहे ते राखायचंच असं ठरवलं. साखर उतरलीय. जिना चढताना धापही लागत नाही.

काल वहिनीचा फोन आला. तुझ्या टाचेला फोड आलाय, आणि तू म्हणतोस, "दुखत नाही ना, मग सोड." अरे, दुखत नाही म्हणूनच दाखवायचा!

रविवारी पहिल्या गाडीने येते. सोमवारी तुला दवाखान्यात नेणार. फोड बरा होईपर्यंत डॉक्टर सांगतील तो व्यायाम बसल्या बसल्या करायचा, मग दोघांनी रस्त्याला लागायचं. पडदेवाले बोंबलतील, बोंबलू देत. तू कितीही आरडाओरडा कर, मी ऐकणार नाही.

बाबांच्या वेळी रडायला आपण दोघं होतो. तुझ्या वेळी मी एकटी असेन, आणि ते मला जमायचं नाही.

तुझ्या होकाराची वाट न बघता निघालेली,
तुझी धाकटी