वल्ह्यावरची जागा

चिओज्जा, १४ ऑक्टोबर १५७१

ती. ओर्सोलाताईस,
शि. सा. न. वि. वि. पोट पुढे आल्यामुळे सध्या साष्टांग कागदावरच.

मेसिनाहून यांचं पत्र येऊन महिना झाला. तुर्कांच्या आरमाराशी गाठ पडणार, एवढंच त्यात होतं. त्यानंतर ओळ नाही. सासूबाई मला रोज मासे खाऊ घालतात आणि रोज रडतात. दोन्हीचा वीट आलाय.

पिंपं बनवणाऱ्यांच्या संघात चिठ्ठ्या टाकल्या, युद्धनौकेवर वल्हं मारायला बोर्तोलोभाऊजींचं नाव निघालं आणि तुमची चार पोरं बघून हे आपणहून त्यांच्या जागी गेले, असं यांनी मला सांगितलं. लग्नाला तेव्हा दोनच महिने झाले होते. असो.

तू आरमाराच्या कारखान्यात शिडं शिवतेस, तिथे बातमी आधी पोचते. असेल तशी कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लुग्रेझिया

व्हेनिस, १९ ऑक्टोबर

चि. सौ. लुग्रेझियास अनेक आशीर्वाद.

झोर्झी सुखरूप आहे. आता खाली बस आणि पुढचं वाच.

आज सकाळी एक गलबत तोफा उडवत धक्क्याकडे आलं. वर सगळे पगडीवाले तुर्क! बायका किंचाळत पळाल्या. माझा गुडघा मला पळू देतो थोडाच? शिवण ठोकायची मोगरी हातातच होती. एक रेशमी झग्यातला तुर्क उडी मारून, हात पसरून थेट माझ्यावर आला. मी कपाळावर हाणली. तो मटकन बसला आणि म्हणाला, "ताई, जे अख्ख्या तुर्की आरमाराला जमलं नाही, ते तू केलंस."

तो आपला झोर्झी! लुटीतले कपडे घालून गावाला चकवायची हुक्की आली होती या येड्यांना! तुर्कांचे झेंडे पाण्यातून फरफटत आणले होते, ते भीतीपोटी कुणी पाहिलेच नाहीत. लेपांतोपाशी आपण जिंकलो गं! घंटा थांबत नाहीत, दुकानं बंद आहेत, अनोळखी माणसं गळ्यात पडताहेत. बोर्तोलो तर झोर्झीला सोडेचना. झोर्झीच्या बाकावर वल्हं ओढणारे दोघे मात्र परतले नाहीत.

आता माझं. झोर्झी आपणहून गेला नव्हता. तू बाजारात गेली होतीस तेव्हा मी, तुझी सख्खी बहीण, तुमच्या घरी आले आणि त्याच्या पाया पडून त्याला जायला सांगितलं. तुला सांगायचं नाही, हेही मीच म्हटलं. सात महिने शिवताना टाके चुकत होते. आज तो समोर आहे म्हणूनच लिहायचं धैर्य झालं.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझी,
ओर्सोला

चिओज्जा, २३ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. हे काल पोचले. कपाळावर एवढं मोठं टेंगूळ! सासूबाईंनी तेल चोळलं, रडल्या आणि मासे तळले. मी चार तुकडे खाल्ले.

ताई, यांच्या पोटात काही राहतं का? तू पाया पडलीस त्याच संध्याकाळी यांनी मला सगळं सांगितलं होतं. मागच्या पत्रात 'आपणहून गेले' हे मी मुद्दामच लिहिलं; तू कधी सांगतेस, याची मी वाट पाहत होते. हे परतले नसते, तर मी तुला जन्मात माफ केलं नसतं. हे खरं आहे म्हणून लिहिते.

पण हे परतलेत. शेजारच्या खोलीत घोरताहेत आणि मला ते घोरणं थांबू नये असं वाटतंय.

नाताळाच्या आधी ये. सुईण ठरली आहे म्हणून सासूबाई सांगतील, ऐकू नकोस. माझं बाळ पहिल्यांदा तुझ्याच हातात यायला हवं.

तुझीच,
लुग्रेझिया