आर की एन

३ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

भाऊची खबर लागली. जहाज कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. लढाई सुरू झाल्यापासून सात महिने त्याच्या जहाजावरच्या इंजिनखान्यातल्या कोणाचाच ठावठिकाणा नव्हता. कंपाउंडरकाकांनी वाचून सांगितलं की त्याला परक्या बंदरात अटकेत ठेवलंय, लढाई संपली की सोडतील. आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. वहिनी स्वेटर विणायला बसलीय. बाह्या मुद्दाम लांब घेतेय; भाऊचे हात माकडाचे, असं तूच म्हणायचास ना?

स्वेटर कुठे पाठवायचा ते कळव. पत्रातली बंदराच्या नावाची ओळ खाली चित्रासारखी काढलीय. छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका काढतोस, माझ्या अक्षराला हसू नकोस.

जीव लावतोस तसाच लावत राहा.
धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस, अ. आ.

हसलो नाही. मूळ पत्र खिडकीशी नेऊन नीट बघ. आय, एन, टी, ई, आर, आणि त्यापुढे? एन असेल तर शब्द ‘इंटर्न्ड’, म्हणजे अटकेत ठेवलेला. तू पुन्हा आर काढलायस. ‘इंटर्ड’ म्हणजे पुरलेला.

तुझाच हात चुकला असेल, अशी आशा धरून बसलोय. खात्री होईपर्यंत वहिनीला काही बोलू नकोस. उलट टपाली कळव.

दादा

१५ मार्च

ती. दादास, सा. न.

आर आहे. दोन्ही आर.

तुझं पाकीट वहिनीनेच फोडलं, पत्ता आला असेल म्हणून. मग कंपनीचं पत्र घेऊन ती तडक दवाखान्यात गेली. मी मागोमाग. तिने त्या अक्षरावर बोट ठेवलं. कंपाउंडरकाकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पहिल्यांदा घाईत वाचलं म्हणाले, हात जोडले. वहिनी पत्र घेऊन निघाली. परतताना मला म्हणाली, “बारा दिवस मी हसत होते गं. त्याचं आता काय करू?”

आईला तिनेच सांगितलं. आई भिंतीकडे तोंड करून पडलीय, पाणीही घेत नाही. तू ये.

येण्याआधी वहिनीचं एक काम कर. कंपनीला इंग्रजीत विचार, ज्यांनी त्याला पुरलं त्यांच्यात त्याच्या ओळखीचं कुणी होतं का.

आम्हा तिघींवर माया असू दे.
धाकटी